आमच्या वतीने जोखीम कुणी स्वीकारली? सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)

विषय: 'माहिती सुरक्षा जोखीम अहवाल' मंजूर केल्याच्या ठरावाबाबत

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अगदी शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदराखाली, गेटवरच्या ॲपवाल्या कंपनीने तयार केलेला माहिती सुरक्षा जोखीम अहवाल आपण मंजूर करून घेतलात. तो कुणी वाचला आहे का, असं विचारलं तेव्हा पडद्यावर एक हिरवं वर्तुळ दाखवण्यात आलं. मग नोटीस बोर्डावर ठराव लागला: 'सोसायटीकडील माहितीस असलेली एकूण जोखीम अल्प असून उर्वरित जोखीम समितीने स्वीकारली आहे.'

मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं ते व्हॉट्सॲप ग्रुपवर: 'कंपनीने सर्टिफिकेट दिलं आहे, काळजी नसावी.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि लगेच टँकरच्या पाण्याचा विषय सुरू झाला. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

सोसायटीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. कच्चे दुवे दुरुस्त होण्याआधी ते पत्त्यासकट जाहीर करायचे नसतात, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. शिवाय माजिवड्यापासून गायमुखपर्यंत कितीतरी सोसायट्यांत असंच ॲप, अशीच कॅमेऱ्यांची पेटी आणि अशीच एक्सेल फाइल असणार. त्यांच्या कमिट्यांनीही हे वाचलं तर बरंच.

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत माहिती सुरक्षेच्या जोखमींचंच काम करते. पण हे पत्र त्या अधिकाराने लिहिलेलं नाही. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली की संध्याकाळपर्यंत माझी आई घरात एकटी असते. मी गेटबाहेर कधी पडले, कधी परतले, मधल्या वेळात घरी कोण आलं, ही सगळी नोंद गेटवरच्या टॅबमध्ये जमा होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी याच विंगमधल्या आणखी काही घरी जातात. त्यांचा फोटो, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स आणि रोजची आत-बाहेरची वेळ सोसायटीकडे आहे. त्या सभासद नाहीत. सभेत बसण्याचा, हात वर करण्याचा त्यांना अधिकार नाही.

पहिली तक्रार अहवालातल्या मुख्य तक्त्याबद्दल आहे. 'रिस्क' या रकान्यात एकाखाली एक लिहिलं आहे: हॅकर, व्हायरस, जुना पासवर्ड, डेटा लीक, वीज जाणे, कर्मचारी, सोशल मीडिया. यातली एकही गोष्ट जोखीम नाही. काही धोके आहेत, एक कच्चा दुवा आहे, एक परिणाम आहे, आणि 'कर्मचारी' म्हणजे नेमकं काय म्हणायचं आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

गच्चीच्या गळतीवर आपल्यातला कुणीही व्याख्यान देऊ शकेल, म्हणून तिथूनच सांगते. पाऊस हा धोका. तो थांबवणं आपल्या हातात नाही. वॉटरप्रूफिंगमधली भेग हा कच्चा दुवा. ती आपली आहे, ती बुजवता येते. खालच्या फ्लॅटचं छत, पलंग, इन्व्हर्टर खराब होणं हा परिणाम. आणि या पावसाळ्यात या भेगेतून पाणी उतरून त्या घराचं एवढं नुकसान होण्याची शक्यता किती, हे सगळं मिळून जोखीम. म्हणजे जोखीम लिहायची तर एक पुरं वाक्य लिहावं लागतं: काय होईल, कशातून होईल, कुणाचं किती बिघडेल, आणि तसं घडण्याचा संभव किती. नुसतं 'पाऊस' असं लिहून कंत्राटदाराच्या हाती पैसे दिले तर तो काय करेल? छत्र्या वाटेल.

आपण छत्र्याच वाटल्या आहेत. 'हॅकर' या एका शब्दाच्या जोरावर ऑफिससाठी फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर पहारा ठेवणारी यंत्रणा, घ्यायचं ठरलं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, मात्र आजही कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर चालतो, आणि कमिटीच्या सदस्यांना घरबसल्या फोनवर चित्र दिसावं म्हणून तो थेट इंटरनेटला उघडा ठेवलेला आहे. नवी फायरवॉल बसली तरी फोनवरचं चित्र बंद पडू नये म्हणून तिच्यातही तेवढी वाट मोकळीच ठेवणार, हे बसवायला येणाऱ्या माणसाने मला हसत हसत सांगितलं.

या कच्च्या दुव्याचा इतिहास जुना आहे. २०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यात जादू काही नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, त्या एकेका यंत्रावर लावून पाहायच्या. लागली जोडी की यंत्र खिशात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या, साइटचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. त्या डीव्हीआरच्या मालकांशी कुणाचंही वैर नव्हतं. 'आपल्या सोसायटीला कोण कशाला लक्ष्य करेल,' असं सचिवसाहेब मला म्हणाले होते. अशा धोक्यांना तुमचं नाव माहीत असावं लागत नाही, एवढंच त्यांना सांगायचं आहे.

दुसरी तक्रार. आपल्याकडे काय आहे, हेच अहवालात नाही. 'ॲसेट' म्हणून दोन संगणक, एक प्रिंटर, राउटर, टॅब आणि कॅमेरे मोजले आहेत. विम्याच्या अर्जाला ही यादी ठीक. माहिती सुरक्षेत जपायची असते ती माहिती, आणि तिचं नावही नाही. सभासदांची यादी, वाहनांचे क्रमांक, भाडेकरूंचे करार, नामनिर्देशनाचे फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, पाहुण्यांच्या नोंदी, बँकेचे लॉगिन, कंत्राटदारांच्या खात्यांचे तपशील, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग: हे कुठे आहे, किती जणांकडे आहे, किती वर्षांचं साठलं आहे?

सभासदांची एक्सेल फाइल मागच्या कमिटीच्या काळात ज्याच्या त्याच्या फोनवर गेली. भाडेकरार संपत आला की एजंटांचे फोन बरोबर त्याच सुमाराला सुरू होतात. योगायोगही असेल. तपासून पाहावं असं कुणालाही वाटलं नाही, ही माझी तक्रार.

उलट अहवालात एकुलती एक लाल ओळ कुठली, तर जिममधल्या संगणकाची. ९.८, 'क्रिटिकल'. तो संगणक कुठल्याही नेटवर्कला जोडलेला नाही. त्यावर सकाळी गाणी लागतात, आणि तीही ठरलेली तीन-चारच. स्कॅन करणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेला हा आकडा सीव्हीएसएस या पद्धतीतला मूळ स्कोअर आहे. शून्य ते दहाच्या पट्टीवर तो सॉफ्टवेअरमधल्या दोषाची तीव्रता सांगतो. तो दोष आपल्याकडे कुठल्या यंत्रात आहे, तिथे काय ठेवलं आहे, तिथवर कुणाचा हात पोहोचतो, हे त्या मूळ आकड्यात धरलेलंच नसतं. तीव्रतेला जोखीम समजलं की असं होतं: गाण्यांचा संगणक लाल आणि नामनिर्देशनाचे फॉर्म गायब.

शिवाय 'डेटा लीक' ही एकच आपत्ती कंपनीला सुचली आहे. माहितीचं तीन तऱ्हांनी बिघडतं. ती नको त्याच्या हाती जाते, ती गुपचूप बदलली जाते, किंवा लागेल तेव्हा मिळत नाही. सोसायटीच्या पैशाच्या दृष्टीने मला मधल्या प्रकाराची सगळ्यांत जास्त भीती वाटते. रंगकामाच्या कंत्राटदाराच्या नावाने ईमेल येतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचा हप्ता खालील खात्यात पाठवावा.' पत्राचं शीर्षक तेच, सही तीच, बिलाचा आकडाही बरोबर. खजिनदार प्रामाणिकपणे पैसे पाठवतात, दुसरी सही करणारेही प्रामाणिकपणे मंजुरी देतात. गुप्त असं काहीच फुटलेलं नसतं, फक्त एक खाते क्रमांक बदललेला असतो. ही फसवणूक लहान संस्थांपासून बहुराष्ट्रीय कंपन्यांपर्यंत सगळीकडे होते. आपल्या इमारतीला यंदाच रंग द्यायचा आहे, आणि अहवालात याबद्दल अवाक्षर नाही.

तिसरी तक्रार 'आजवर काही झालेलं नाही, त्यामुळे शक्यता १' या शेऱ्याबद्दल. काही झालेलं नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण ती जोखमीचं माप नाही. हे दूरचं वाटत असेल तर खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला पाहा. २७ जून २०१७ पर्यंत जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्सलाही असं काही झालेलं नव्हतं. त्या दिवशी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला, आणि तिच्याच समूहाच्या हातात असलेल्या आपल्या शेजारच्या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. कंटेनर अडकले, हाताने कागद लिहून काम रेटावं लागलं. मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. हल्ला करणाऱ्यांच्या डोक्यात उरण तालुका असण्याचं काही कारण नव्हतं. ज्या विंडोजच्या दोषाचा त्यात वापर झाला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. अर्थात नुसत्या दुरुस्तीने सगळे वाचले नसते, कारण तो प्रोग्रॅम एका संगणकातून चोरलेले पासवर्ड वापरून दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसत होता. म्हणूनच 'आमच्याकडे अँटिव्हायरस आहे' एवढं ऐकून माझं समाधान होत नाही.

आणखी जवळचं उदाहरण कळव्याचं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. कोविडचे दिवस होते, रुग्णालयांना जनरेटरवर जावं लागलं. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. म्हणजे धोका कुठला, यावरच एकमत नाही. पण कळवा-पडघा वाहिनीच्या एका सर्किटचं काम सुरू होतं, त्याचा भार दुसऱ्यावर टाकला होता आणि त्यातच बिघाड झाला, हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं. करणारा कोण हे कळलं नाही तरी कच्चा दुवा दिसतो, परिणाम दिसतो आणि त्यावर काम करता येतं. आपल्या अहवालात नेमकं उलटं आहे. हॅकरचं वर्णन अर्धं पान, टोपीसकट चित्र, आणि कच्च्या दुव्यांना एक ओळ.

चौथी तक्रार आकडेमोडीची आहे. शक्यतेला १ ते ५, परिणामाला १ ते ५, आणि दोन्हींचा गुणाकार. पद्धत सर्रास वापरली जाते, मीही वापरते. पण ती डोळे मिटून वापरायची नसते. लॉबीतलं वाय-फाय दर महिन्याला बंद पडतं आणि त्याने कुणाचं काही अडत नाही: पाच गुणिले एक, पाच. सिंकिंग फंडाची मुदत ठेव मोडून रक्कम भलत्याच खात्यात जाते: एक गुणिले पाच, पाच. दोन्ही ओळी हिरव्या, दोन्हींपुढे 'लो'. हे आकडे फक्त क्रम लावण्यापुरते असतात, ती रुपये किंवा लिटरसारखी मापं नव्हेत. पहिल्या पाचाकडे दुर्लक्ष केलं तर चालेल. दुसऱ्या पाचावर आजच बसायला हवं, कारण ते एकदा घडलं तरी आपण त्यातून वर येणार नाही. बरं, परिणामाला पाच का दिले, चार का नाहीत, याचं एका वाक्याचंही कारण कुठल्याच ओळीपुढे नाही.

पाचवी तक्रार: 'जबाबदारी कंपनीची आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की शेवटी करारच मागून वाचला. त्यात कंपनीची भरपाई एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. माहिती फुटली तर कंपनी 'योग्य वेळेत' कळवेल. योग्य म्हणजे किती, ते नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटना सहा तासांत सरकारला कळवायच्या असतात. म्हणजे सरकारला सहा तासांत कळेल आणि माझ्या आईला 'योग्य वेळेत'. आणि ज्या कंपनीचं ॲप तपासायचं, तिच्याकडूनच तपासणीचं सर्टिफिकेट घ्यायचं, याबद्दल मी काही लिहीत नाही. आपल्यात दोन निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांनाच विचारावं.

जोखीम दुसऱ्याबरोबर वाटून घेता येते, नाही असं नाही. विमा त्यासाठीच असतो. पण तिथेही कागद वाचावा लागतो. त्याच नॉटपेट्यात सापडलेल्या मर्क या अमेरिकी औषध कंपनीला विमा कंपन्यांनी सांगितलं की हे युद्धजन्य कृत्य आहे, ते विम्यात बसत नाही. मर्क कोर्टात जिंकत गेली खरी, पण शेवटची तडजोड व्हायला जानेवारी २०२४ उजाडलं. आणि पैशाचा भार वाटला तरी उत्तरदायित्व वाटलं जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तोच जबाबदार, मग त्याने काम कुणालाही दिलेलं असो आणि करारात काहीही लिहिलेलं असो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा सोसायटीला दाखवून घाबरवण्यात अर्थ नाही, तेवढा दंड आपल्याला कुणी करणार नाही. पण गेटवर कुणाची काय माहिती घ्यायची हे कंपनी ठरवत नाही, आपण ठरवतो. तेवढं मान्य करून पुढे बोलू.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

ठरावात 'उर्वरित जोखीम' असं म्हटलं आहे. उपाय केल्यावर जे शिल्लक राहतं ते उर्वरित. आपण पासवर्ड बदलला नाही, झेरॉक्स कमी केल्या नाहीत, फाइल एका जागी आणली नाही, खाते बदलाची खातरजमा सुरू केली नाही. मग उरलं किती? सगळंच उरलं. जे सुरुवातीला होतं तेच, फक्त त्यावर शिक्का बसला.

आणि मग 'स्वीकारली'. जोखमीचं चार प्रकारे काहीतरी करता येतं: ती कमी करा, ज्यामुळे ती येते ते करणंच टाळा, वाटून घ्या, किंवा जाणूनबुजून स्वीकारा. स्वीकारणं हा कायदेशीर, शहाणपणाचा मार्ग असू शकतो. प्रत्येक भेग बुजवायला कुणाकडेच पैसे नसतात. पण स्वीकारायची तर कुठली, किती, कधीपर्यंत आणि कुणी, हे लिहावं लागतं. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक जोखमीला एक मालक असतो आणि उरलेली जोखीम मान्य आहे असं त्या मालकाने म्हणायचं असतं. आपल्या अहवालात मालकाच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे 'सोसायटी' लिहिलं आहे. सोसायटी म्हणजे कोण? ज्याच्याकडे अधिकारही आहेत आणि ज्याला जाबही विचारता येईल, असं एक माणूस लागतं.

इथे त्याहून खोल गडबड आहे. परिणाम मोजताना कंपनीने सोसायटीच्या खात्यातले रुपये मोजले. पाहुण्यांच्या नोंदी फुटल्या तर सोसायटीचा रुपयाही जात नाही, म्हणून परिणाम १, 'नगण्य'. पण समजा, एखादी बाई आपला पत्ता एका विशिष्ट माणसाला कळू नये म्हणून इथे भाड्याने राहते आहे. तिच्यासाठी ती नोंद फुटणं नगण्य आहे? एखाद्या घरी दुपारी फक्त म्हातारं माणूस असतं हे त्या नोंदींतून कुणालाही दिसतं. ते नगण्य आहे? मावशींच्या आधारच्या झेरॉक्सवर कुणी सिमकार्ड काढलं किंवा कर्ज उचललं, तर वसुलीचे फोन मावशींना येतील. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्या झिजवतील, कामाचे खाडे त्यांचे होतील, आणि काही घरं तेवढ्यावरून त्यांना कामावरून काढतीलही. आपण जे स्वीकारलंत ते त्यांच्या वाट्याचं आहे. चौदाव्या मजल्यावरच्या माणसाच्या घरातली गळती पहिल्या मजल्यावरच्या सभासदाने 'स्वीकारून' टाकली तर सभेत काय होईल ते आपण सगळे जाणतो. इथे कुणी ओरडलं नाही, कारण ज्यांचं नुकसान व्हायचं ते सभेत नव्हते.

मला कमिटीच्या हेतूबद्दल शंका नाही. आपण विनामोबदला, नोकरी-धंदा सांभाळून हे काम करता, खजिनदारांचे हिशेब चोख असतात, टँकरच्या दिवसांत रात्री बारा वाजता पंपावर उभे राहणारेही आपणच. पण धोका, कच्चा दुवा, परिणाम आणि जोखीम यांची एकाच रकान्यात खिचडी केली की निर्णय कुणी घेतला हेच कळेनासं होतं. कंपनी म्हणते कमिटीने मंजूर केलं, कमिटी म्हणते कंपनीने तपासलं, आणि सभेने तर हिरवं वर्तुळ पाहिलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

हा ठराव स्थगित करावा आणि जोखीम नोंदवही नव्याने लिहावी. प्रत्येक ओळीत पुरं वाक्य असावं. परिणाम लिहिताना तो कुणावर होतो ते लिहावं: सभासद, भाडेकरू, घरकामगार, वॉचमन, सोसायटीचा निधी. प्रत्येक ओळीपुढे कमिटीतल्या एका व्यक्तीचं नाव आणि फेरतपासणीची तारीख हवी. हे लिहायला मी विनामोबदला बसेन. मालकाच्या रकान्यात मात्र माझं नाव टाकू नये, कारण निर्णयाचा अधिकार माझ्याकडे नाही.

काही गोष्टींना नोंदवहीची वाट पाहायची गरजच नाही. डीव्हीआरचा पासवर्ड याच आठवड्यात बदलावा, त्याचा इंटरनेटवरचा थेट प्रवेश बंद करावा, आणि कॅमेरे बाहेरून कुणी आणि का पाहायचे हे ठरवूनच पुन्हा सुरू करावा. कपाटातल्या आधारच्या जुन्या झेरॉक्स दोन सदस्यांसमोर श्रेडरमध्ये घालाव्यात आणि तसा पंचनामा ठेवावा. यापुढे ओळखपत्र पाहून परत द्यावं. प्रत ठेवणं अगदीच अटळ असेल तर यूआयडीएआयची झाकलेली आधार प्रत घ्यावी, तीत शेवटचे चारच अंक दिसतात. एक्सेल फाइल एका जागी, दोघांच्याच हाती असावी.

पैशाबाबत: कंत्राटदाराचं खातं बदलल्याचा निरोप आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खातरजमा केल्याशिवाय एक रुपयाही जाऊ नये. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करणं म्हणजे खातरजमा नव्हे. दोन सह्या करणाऱ्यांपैकी दुसऱ्याने हा फोन झाल्याची नोंद पाहूनच मंजुरी द्यावी. आणि पैसे गेलेच तर सभा बोलवत बसू नये, ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर कळवावं. तो नंबर ऑफिसच्या संगणकावर आजच चिकटवून ठेवा.

ॲपच्या करारात सोसायटीला आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना कळवण्याची मुदत तासांत लिहून घ्यावी, पाहुण्यांच्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसल्या जातील अशी अट घालावी, आणि तपासणी त्या कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्यावी. कंपनी तयार नसेल तर बाजारात दुसरी ॲप आहेत. नाहीतर वही-पेन आहेच, त्याचे धोके वेगळे आहेत पण ते आपल्याला निदान समजतात.

घरकामगार, ड्रायव्हर आणि वॉचमन यांची कुठली माहिती कशासाठी घेतो आणि किती दिवस ठेवतो, याची मराठी-हिंदी पाटी गेटवर लावावी. ती लावण्याआधी त्यांच्यातल्या दोघी-तिघांशी बसून बोलावं. आधार द्यायला नकार दिला म्हणून कुणाचा प्रवेश रोखू नये.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७६ नुसार एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सह्या गोळा करायला सुरुवात झाली आहे. तशी वेळ न आणता ही सभा आपणच बोलवावी अशी विनंती आहे. सभेच्या नोटिशीसोबत अहवालाची आणि ॲपच्या कराराची प्रत प्रत्येक घरी द्यावी. त्याआधी कुणाला काही विचारायचं असेल, अगदी कंपनीच्या माणसाला सोबत घेऊनही, तर रविवारी सकाळी सोसायटी ऑफिसात बसायला मी तयार आहे.

आपली,
बी विंगमधली एक सभासद